एकच बाई असल्याचा दाखला

माझ्या सासूबाईंना इंग्रजीतली पाचच अक्षरं येत होती, ए पासून ई पर्यंत. तीही त्या माझ्यासाठी शिकल्या होत्या. मला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची होती, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात काम करत पुढचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि त्यासाठी आधी बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांची परीक्षा पास व्हावी लागे. आम्ही सांगलीकडची मुलं पानंच्या पानं उत्तरं लिहून डॉक्टर झालेलो. इथे एकेका प्रश्नाखाली पाच उत्तरं छापलेली, त्यातलं बरोबर ते ओळखायचं. हात्तिच्या, एवढंच ना, असं म्हणून बसले आणि पहिल्याच सरावात निम्मी उत्तरं चुकली.

नवरा संशोधनासाठी आधीच तिकडे गेला होता. मी चंदीगडला सासू-सासऱ्यांबरोबर सरकारी क्वार्टरमध्ये राहून हॉस्पिटलात नोकरी करत होते. थंडीच्या दिवसांत ड्यूटीवरून दुपारी परत आले की सासूबाई व्हरांड्यातल्या उन्हात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या असत, मांडीवर उत्तरांचा कागद. मी प्रश्न वाचून म्हणायची, "सतरा, बी." त्या कागदावरून बोट फिरवायच्या.

"बी नाही वं, डी. डॉक्टरीण म्हणे!"

त्या अकोल्याच्या. चंदीगडात दहा वर्षं काढूनही त्यांचं 'वं' काही सुटलं नव्हतं. उत्तर बरोबर आलं की माझ्या तळहातावर दाणे पडत, चुकलं की ते त्या स्वतः खात. पहिल्या महिन्यात बहुतेक दाणे त्यांनीच खाल्ले.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचं. माझं नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बोहल्यावरच माझं डोकं फिरलं होतं. तेवीस वर्षं वापरलेलं चांगलं धडधाकट नाव, त्याला काय झालं होतं? नवरा मला एकांतात जुन्याच नावाने बोलवायचा. सासरे 'सूनबाई' म्हणत. नवीन नावाने हाक मारायच्या त्या फक्त सासूबाई, पण दिवसातून पन्नास वेळा. स्वयंपाकघरातून हाक यायची, मी पुस्तक टाकून जायची, "काय आई?" तर म्हणायच्या, "काही नाही, सहज." मला याचा वैताग यायचा. अभ्यास करणाऱ्या माणसाला कुणी सहज हाक मारतं का?

मग अमेरिकेहून पत्र आलं. तुमच्या पदव्या एका बाईच्या नावाने आहेत आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईच्या, या दोघी एकच आहेत याचा दाखला पाठवा, तोवर अर्ज थांबलेला आहे. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, तेव्हा त्यावर नवीन नाव होतं. तिकडच्या लोकांना लग्नात आडनाव बदलतं हे ठाऊक होतं, पण माणूस मुळापासूनच बदलतं हे त्यांच्या गावी नव्हतं.

मी तडक सेक्टर सतराच्या कोर्टात गेले. बाहेर झाडाखाली टायपिस्ट बसत. त्यांतल्या एका वयस्कर सरदारजींनी माझी पदवी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम जी, ये तो सचमुच दो औरतें हैं. नाम अलग, बीच का नाम अलग, सरनेम अलग. एक ही औरत है, ऐसा लिख दूँ? या पुराना नाम वापस लेना है?"

मी म्हटलं, "पुराना. पक्का. नया नाम छोड़ दिया, लिख दीजिए." पुन्हा असा घोळ नको होता. सगळं आयुष्य ज्या नावाने कमावलं तेच राहू दे, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बोहल्यावरचा राग मी त्या झाडाखाली काढला. सही केली. नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर करावं लागेल म्हणाले, म्हणून तेही त्यांच्यावरच सोपवून आले. घरी सांगितलं, कागदाचं काम झालं.

सासूबाई हिंदी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. हरवलेल्या म्हशींच्या जाहिरातीसुद्धा. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

चार दिवसांनी मी ड्यूटीवरून आले तर त्या नेहमीसारख्या उन्हात बसलेल्या, पण शेंगांना हात लावलेला नव्हता. पेपर बाजूला घडी घालून ठेवलेला. त्यांनी उत्तरांचा कागद घेतला. मी म्हटलं, "एक, सी." त्या म्हणाल्या, "बरोबर." दाणे दिले नाहीत. मी विसरल्या असतील म्हणून सोडून दिलं. दिवेलागणीला सासरे मला अंगणात घेऊन गेले. ते कधी माझ्याशी चार वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

"आमची छकुली तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होती. नवऱ्याची धाकटी बहीण, चार वर्षांची असताना तापाने गेलेली. तिला सगळे छकुलीच म्हणत, म्हणून खरं नाव विचारायचं कधी माझ्या मनात आलं नाही.

"बारशाचं नाव शाळेत घातल्यावर वापरू म्हणत होतो," सासरे म्हणाले. "ते तसंच राहून गेलं. तुम्ही आलात तेव्हा हिने ते तुम्हाला दिलं. तुम्ही जे सोडल्याचं पेपरात छापलंत, ते नाव."

मी खोलीत जाऊन अमेरिकेचं पत्र पुन्हा वाचलं. दोघी एकच आहेत एवढंच सांगा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नाव सोडा असं कुणी म्हटलंच नव्हतं. पाच उत्तरांतलं बरोबर उत्तर ओळखायला शिकत होते मी, आणि सरदारजींनी दोनच दिली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "आई, मला खरंच ठाऊक नव्हतं. घरात तरी त्याच नावाने हाक मारा ना."

त्या पोळी लाटत होत्या. हात थांबला नाही.

"राहू दे वं. तू जाणारच होतीस. नाव तेवढं इथं ठेवून गेलीस, असं म्हणते मी."

रुसल्या असत्या, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. परीक्षेपर्यंत रोज कागद घेऊन बसल्या, दाणेही पुन्हा मिळू लागले. फक्त स्वयंपाकघरातून हाक यायची बंद झाली. मला 'अगं' म्हणू लागल्या, आणि तेही काम असेल तेव्हाच. अभ्यासाला हवी तेवढी शांतता मिळाली. मी पास झाले, पासपोर्ट जुन्या नावाने निघाला, एका हॉस्पिटलाने जागा दिली, तिकीट आलं.

निघायच्या दिवशी स्टेशनवर सासऱ्यांनी सामान चढवलं. सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातलं, पदराच्या टोकाने माझा हात पुसला. गाडी हलली तशी मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हात वर केला, तोंडही उघडलं. मी जीव कानांत आणला.

"अगं," त्या ओरडल्या, "पोचल्याचं पत्र टाक."

मी पोचल्याचं पत्र टाकलं. खाली सही करताना त्यांनी दिलेलं नाव लिहिलं. उत्तर सासऱ्यांच्या हस्ताक्षरात आलं, खुशाली सगळी होती. शेवटी लिहिलं होतं, ही विचारते, पत्र कुणाचं आहे.