आईच्याच हाती
औंढ्याच्या आमच्या बालकेंद्रात संध्याकाळी मूल फक्त आईच्याच हाती द्यायचं, असा मी नियम केला होता. एका शनिवारी मुलांच्या आया लोणावळ्याच्या बंगल्यांवर कामाला असताना एका मुलीचा थोरला मामा तिला न्यायला आला.

"सख्ख्या मामाला अडवता व्हय?"

"मामा असाल तुमच्या घरी, इथं आई लागते!" मी भडकले.

तो गेला, पण माझा जीव थाऱ्यावर राहीना. गावात मामाला कोण अडवतं? मी सारखी दाराशी जात होते. मुलगी माझी ओढणी सोडत नव्हती.

आई आल्यावर मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्याला बघून ही लपली का?"

"हो."

तिनं लेकीला उचललं. "ल्हानपनी मीबी लपायची, ताई. पन तवा दार अडवाया कुनी नव्हतं."