खांबावरचं बटण

इंग्रजांच्या काळात मी बुऱ्हाणपूरच्या एका कापड गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या बायकांवर मुकादम होते. आमच्यातल्या एकीचा पदर पट्ट्यात अडकून हात गेला, तेव्हापासून बाकीच्या यंत्राजवळ जाईनात. सोमवारी कामावर येणार नाही तिला काढून टाकू, असं मॅनेजरनं बजावलं होतं.

शनिवारी खंडव्याहून एक वायरमन आला. पट्टे फिरवणाऱ्या मोटारीचा मोठा स्विच लांब भिंतीवर होता. त्याला तो ब्रेकर म्हणे. तिथून तारा ओढून बायकांजवळ बंद करायचं बटण बसवायचं, एवढंच त्याचं काम. मी जागा दाखवू लागले, तर म्हणाला, "तुम्ही नको, बाई. सगळ्यांत ठेंगणी कोण, तिला बोलवा."

ती आली.

"मावशी, डोळे मिटा अन् घाबरून हात टाका."

हात यंत्राशेजारच्या खांबावर आपटला, तिथंच त्यानं खडूनं खूण केली. चोख काम करणारे मी पुष्कळ पाहिलेत. घाबरलेल्या हाताचं माप घेणारा तो एकच. मग भांग पाडावा तशा सरळ त्यानं दोन तारा नेल्या.

"अन् तारच तुटली त?" मावशी म्हणाली. "तू खंडव्याहून धावत येशील का?"

त्यानं मोटार चालू केली आणि रबरी मुठीची पक्कड तिच्या हाती दिली. "एक तोडा."

तिनं तोडली. ब्रेकरचा दांडा खाडकन खाली पडला, पट्टे थांबले.

"तार धड असेल तरच मोटार चालेल, मावशी. तुटली की बंद."

मावशीनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि यंत्रापाशी जाऊन उभी राहिली.

"जोड जल्दी," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत कोण थांबते?"