दोन डाव्या बाह्या

एकतीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला थोडा गर्व असायचाच, पण मास्तरांना तो थोडा नव्हता. दुकान मेहुण्याचं होतं, मशीनवर तिघे बसत, पण मधलं लांबलचक कटिंगचं टेबल मास्तरांचं. त्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर ते नुसतं बघत, आणि तो माणूस कपासकट बाहेर जाई. "शिलाई उसवता येते," ते सगळ्यांना ऐकवत. "कात्री लागली की लागली."

त्याच मास्तरांनी एका कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या.

झालं ते असं. एक निवृत्त गृहस्थ कोटाचं कापड घेऊन आले होते. धाकट्या भावानं वारण्याआधी दिलेलं, जेमतेम पुरणारं, तसं दुसरं कुठे न मिळणारं. कापड कमी म्हणून मास्तरांनी ते दुहेरी न घालता एकेरी पसरलं. एकेरी कापडावर एक बाही आखली की दुसरीसाठी बाहीचा कागदी फरमा उलटा ठेवायचा, हे दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मास्तरांनी तो होता तसाच नुसता पुढे सरकवला. बाह्या जोडायला घेतल्या तेव्हा कळलं. गृहस्थ कोट न्यायला आले तेव्हा मास्तरांनी हात जोडून माफी मागितली. गृहस्थांनी सगळे तुकडे एकदा हातात घेतले, परत टेबलावर ठेवले, "राहू द्या तुमच्याकडेच" म्हणाले आणि निघून गेले.

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मास्तरांनी ते तुकडे फडक्यात बांधून टेबलाखालच्या खणात ठेवले आणि रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्या दोन बाह्या काढून बघायचं व्रतच घेतलं. पंधरा दिवसांत कात्री उचलली की छाती धडधडायला लागली. मग तळव्यांना घाम, मग डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी तपासलं. "काळीज ठणठणीत आहे. घाबरलंय ते मन," असं म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागली, पण कात्री काही चालेना.

आठ महिने मेहुणाच कटिंग करत होता, आणि त्याच्या कटिंगबद्दल न बोललेलंच बरं. शेवटी एकदा त्यानं मान खाली घालून सांगितलं, "दाजी, पुढच्या महिन्यात दुसरा कटर बघतोय. तुम्ही गल्ल्याजवळ आरामात बसा." घरी मास्तरांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आरामात बसणं तुम्हाला कधी जमलंय?" तिला रडू येत होतं, आणि मास्तरांना ते दिसत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक म्हातारे भिक्खू दुकानात आले. काखेत भगव्या कापडाचा एक अखंड तागा.

"चीवर शिवायचंय," ते म्हणाले. "पाच पट्टे. प्रत्येक पट्ट्यात एक लांब तुकडा, एक आखूड. सगळं कापायचं आणि परत जोडायचं."

"भंते, एवढं चांगलं कापड कापायचं कशाला? आहे तसंच पांघरा की."

"अखंड आम्हाला चालत नाही. तुकडे करून जोडलं की त्याचा मोह राहत नाही. चोरसुद्धा नेत नाही." भिक्खू हसले. "कापून वाया घालवलेलं कापड पांघरूनच आम्ही जन्म काढतो, मास्तर."

मास्तर म्हणाले, मी कापायचं सोडलंय, मेहुणा आला की कापेल. भिक्खू बरं म्हणून स्टुलावर बसले. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि घाई नसलेल्या माणसापुढे गोष्टी आपोआप बाहेर पडतात. मास्तरांनी बाह्यांचं सगळं सांगून टाकलं, खणातलं गाठोडंसुद्धा.

"चूक झाली तो पहिला बाण," भिक्खू म्हणाले. "तो लागतो, दुखतो. तथागतांनी सांगून ठेवलंय, दुसरा बाण आपलाच आपण मारतो. तुम्ही तो रोज सकाळी खणातून काढता."

"मग काय करू? भीती माझ्या हातात आहे का?"

"नाही. ती येणार. आली की म्हणायचं, आली. तिला हाकलू नका आणि बसायला खुर्चीही देऊ नका. उचला कात्री."

मास्तरांनी कात्री उचलली. लगेच धडधड.

"कुठे आहे?"

"छातीत."

"आता?"

"गळ्याशी आलीय."

"बघत राहा. आता?"

मास्तर बघत राहिले. आठ महिन्यांत ते भीतीपासून पळाले होते, तिच्याशी भांडले होते, पण ती नेमकी कुठे असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आहे. पण मघाएवढी नाही."

"मग तिला राहू द्या. तुम्ही कापा."

कात्री चालली. दहातला सातवा तुकडा बोटभर कमी पडला. मास्तर जागच्या जागी थिजले. भिक्खूंनी तुकडा उचलून पाहिला. "पट्टी जोडा. तुकड्यांचंच तर आहे." हे ते इतक्या सहज म्हणाले की कोपऱ्यात बसून काज करणारी बाई खुदकन हसली, आणि मास्तरही हसले. दुकानात त्यांचं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं छान झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी भीती नेमानं हजर. पण मास्तर आता दुकान उघडल्यावर दहा मिनिटं टेबलाशी डोळे मिटून श्वास बघत बसत. दिवसभरात भीती आली की टेबलाच्या कडेला खडूची एक रेघ मारत, आणि संध्याकाळी सगळ्या रेघा फडक्यानं पुसून घरी जात. गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्या तशा चालू होत्या. तिसऱ्या आठवड्यात रेघा मारायचं ते विसरायला लागले. मेहुण्यानं दुसऱ्या कटरचा विषय परत काढला नाही.

मग एका सकाळी त्यांनी खणातलं गाठोडं काढलं, या वेळी पूर्ण उलगडलं, आणि कपाळावर हात मारला. पाठ शाबूत होती. पुढचे दोन्ही भाग शाबूत होते. आठ महिने हा शहाणा नुसत्या बाह्याच बघत बसला होता. बिनबाह्यांच्या जाकिटाला बाह्या लागतात कशाला?

त्याच कापडावर परत कात्री लावायची होती. छाती धडधडली. "आली," मास्तर पुटपुटले, आणि खांद्याखालच्या मुंढ्याची नवी गोलाई एका दमात कापली.

चार दिवसांनी जाकीट घेऊन ते गृहस्थांच्या दारात उभे राहिले. गृहस्थांनी ते अंगात घातलं, आरशासमोर गेले, आणि छातीवरच्या कापडावरून हात फिरवला.

"तुम्ही त्या दिवशी रागावून काहीच बोलला नाहीत," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही मला कधीच माफ करणार नाही."

"तुमच्यावर राग नव्हता हो. बोललो असतो तर भर दुकानात रडलो असतो, म्हणून निघालो." त्यांनी आत हात घातला. "हा आतला खिसा?"

"बाहीच्या कापडाचा आहे. डाव्या."

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले. "आणि दुसरी डावी?"

"तिची टाचण्या टोचायची गादी केली. माझ्या टेबलावर असते."

घरी जाताना मास्तरांना फार हलकं वाटत होतं. बायकोनं दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पान वाढायला घेतलं. मास्तर भरपूर जेवले, आणि जेवताना मेहुण्यानं आठ महिने केलेल्या कटिंगला मनसोक्त नावं ठेवली.