चेकरबाईंचा चार पायांचा ससा

चेकरबाईंच्या सशाला जन्मभर तीनच पाय होते. चार पायांचा खराखुरा ससा घरात आला तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि घरात त्यांचं कुणी ऐकेनासं झालं होतं.

तयार कपड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, काजं बघायची, कॉलरची टोकं जुळवायची आणि एक टाका जरी सुटला असला तरी खडूने फुली मारून तो शिवणारीच्या अंगावर फेकायचा. हातात द्यायचा नाही, फेकायचा. एखादी रडायला लागली की म्हणायच्या, "डोळे पूस आणि उसव." अशा बाईला म्हातारपणी दोनदा दूध गॅसवर ठेवून डुलकी लागली. दुसऱ्यांदा पातेलं जळून काळं झालं. गरोदर सुनेने ते घासलं नाही की टाकलं नाही. चार दिवस ओट्यावर तसंच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

पुढे बाळ झालं, तीन महिन्यांचं झालं आणि सुनेची रजा संपायला दोनच महिने उरले. बाळाला दिवसभर आपण सांभाळावं, एवढी एकच इच्छा चेकरबाईंना उरली होती. ती त्यांनी बोलून दाखवली की सून मूग गिळून बसायची. मग एके दिवशी मुलाने त्यांच्या खोलीत एक खोका आणून ठेवला. आत दोन महिन्यांचं सशाचं पिल्लू थरथरत बसलं होतं.

"हिच्या ऑफिसातल्या एकीने दिलंय," मुलगा म्हणाला. "दोन महिने नीट सांभाळ, आई. याला काही झालं नाही तर बाळ तुझ्याकडेच. पाळणाघर वगैरे काही नको."

"म्हणजे माझी परीक्षा?"

"तसं नाही गं."

तसंच होतं, आणि त्याला नीट खोटंही बोलता येत नव्हतं.

चेकरबाई कामाला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलेलं सगळं त्यांनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. सुकं गवत रात्रंदिवस समोर हवं. पाणी ताजं हवं. गोळ्यांचं खाद्य मोजून द्यायचं, पाला एकेक करून हळूहळू सुरू करायचा, गोड काही नाही. गाजरसुद्धा नाही म्हटल्यावर त्या डॉक्टरशी भांडल्या, पण ऐकलं. खोलीतल्या सगळ्या वायरी प्लास्टिकच्या नळीत घातल्या. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात म्हणून स्वतःची सतरंजी अंथरली आणि स्वतः पातळ चादरीवर झोपायला लागल्या. कान धरून उचलायचं नाही, ढुंगणाखाली हात द्यायचा, नाहीतर पाठ मोडते, हे मुलाला तर इतक्या वेळा ऐकवलं की तो त्या खोलीत यायचाच बंद झाला. सकाळी वर्तमानपत्रावर लेंड्या पसरून गोल आहेत का, सारख्या आहेत का, हे चष्मा लावून बघायच्या. शर्टालाही त्यांनी कधी इतकं निरखलं नव्हतं.

सून रोज संध्याकाळी दारातून बघायची. बाळ कडेवर. आत यायची नाही.

"त्याच्या पाण्यात केस पडलाय, आई."

"काढते."

असं दीड महिना चाललं. मग एका सकाळी ससा गवताकडे फिरकेना. कोपऱ्यात पाठ गोळा करून बसला. वर्तमानपत्रावर एकही लेंडी नव्हती. खोका पोटाशी धरून, दोन बस बदलून चेकरबाई डॉक्टरकडे गेल्या.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाला. "एवढ्या लहान सशाने दिवसभर काही खाल्लं नाही तर तो हातचा जातो. काही गोड दिलं होतं का?"

दिलं नव्हतं. पण घरी आल्यावर सतरंजीखाली क्रीमच्या बिस्किटाचा चुरा सापडला. तसली बिस्किटं घरात एकटी सून खायची. चेकरबाईंनी तो चुरा पुसून टाकला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची चूक दाखवली नाही. परीक्षा संपायला पंधराच दिवस उरले होते.

"पण आजारी पडलाच कसा?" सुनेने संध्याकाळी विचारलं.

"माझंच लक्ष नव्हतं," चेकरबाई म्हणाल्या.

दोन महिने झाले. ससा तुकतुकीत झाला होता, वजन दुप्पट. त्या सोमवारी चेकरबाई पहाटेच न्हाऊन, नखं कापून बसल्या. आठ वाजता सून बाळाची पिशवी भरून बाहेर आली.

"चला आई, तुम्हीही पाळणाघर बघून घ्या."

"पण ठरलं होतं ना..." त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा बुटाची नाडी बांधत होता, बराच वेळ.

"सशाला तुमची इतकी सवय झालीय," सून म्हणाली. "दोन-दोन जीव कसे सांभाळाल या वयात?"

पाळणाघरातल्या बाईंनी बाळ हसत हसत घेतलं. "हिचं नाव तर आईच्या पोटात असल्यापासून आमच्या यादीत आहे," त्या चेकरबाईंना कौतुकाने म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "सातवा महिना होता, नाही का हो?"

सून घड्याळ बघायला लागली. म्हणजे ससा यायच्या कितीतरी आधीच निकाल लागला होता. म्हातारीने कुरकुर करू नये म्हणून तिच्या हातात काहीतरी दिलं होतं, एवढंच.

"तू नीघ, आई," मुलगा म्हणाला. "ससा घरी एकटा असेल."

संध्याकाळी सून बाळाला घेऊन आली. चेकरबाई बाहेरच्या खोलीतच बसल्या होत्या.

"खाल्लं का सशाने नीट?" सुनेने विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तीन मुठी गवत. चार पानं. पाणी दोनदा बदललं. दुपारी दीड तास झोपला. लेंड्या गोल." चेकरबाई म्हणाल्या. "आता तू सांग. बाळाने दूध किती घेतलं?"

सून चपला काढायला वाकली.

"झोपली कधी? रडली किती? रडली तेव्हा उचललं कुणी?"

"मी... घाईत विचारायचं राहिलं."

"सशाची आई असतीस तर दोन महिन्यांत नापास झाली असतीस."

सुनेचे डोळे भरून आले. चेकरबाईंना बरं वाटलं, फार दिवसांनी इतकं बरं वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. मग त्यांनी बाळासाठी दोन्ही हात पुढे केले. सुनेने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली.