हेरोदाचं गाणं

नाताळाआधीच्या आगमनकाळात आमचे म्हातारे पेटीवाले इंदापूरहून एसटीने बारामतीला यायचे आणि आमच्या चर्चची गाणी ठरवायचे. तिकडे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. पेटी त्यांची, म्हणून शब्दही त्यांचाच. दाढेत लवंग धरून चाल गुणगुणायची आणि नाही पटली की पेटीचा भाता फटकन मिटायचा, ही त्यांची रीत.

एका गाण्यावरून दरवर्षी वाद व्हायचा. हेरोद राजाने बेथलेहेमातली तान्ही बाळं मारली, त्या बाळांच्या आयांचा तो आक्रोश. पाळकसाहेब म्हणायचे, "सणासुदीला हे कशाला?"

"पाळणा हाय तितं हेरोद बी हाय, सायेब. आपून न्हाय गायलं म्हणून त्यो जातोय व्हय?"

आणि गाणं व्हायचंच. त्यांच्या सुनेचं मूल गेलं, त्या वर्षीही झालं.

ब्याण्णव साली गाण्यांच्या तालमीला बसले, तेव्हा माझी चार महिन्यांची लेक मांडीवर होती. दोन दिवस दूध ओढत नव्हती. थंडी बाधली असेल, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. गाणी सांगता सांगता ते उठले, माझ्याजवळ येऊन वाकले, दुपटं बाजूला करून तिची छाती वरखाली होताना बघत राहिले. लवंग चघळायची थांबली.

"पोरीला डाक्टरला दावा," एवढंच म्हणाले. तसं ते सगळ्यांनाच म्हणायचे.

मग पेटीशी बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "हेरोदाचं औंदा नको."

पाळकसाहेब हसले. सगळ्यांना हायसं वाटलं. मी लेकीला छातीशी धरून अनवाणीच दवाखान्याकडे पळत सुटले.