पूजेचं पाणी

माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क आहे. बायकोला वाटतं ती खराब आहे. दोनदा तिनं ती भंगारात द्यायला काढली, दोनदा मी काहीबाही सांगून परत ठेवली. ती खराब नाही. कधीच नव्हती. एवढं एक वाक्यसुद्धा आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असाल, तर आता नीट ओळखाल.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. चाकणला छोटं दुकान आहे, शिवाय आसपासच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे असते. लोक मला 'सर' म्हणतात. माणूस चोख आहे, असंही म्हणतात. या चोखपणाबद्दलच सांगायचंय... पण आधी सोपानदादा.

सोपानदादा कुरुळीचे. घरची थोडी शेती, शिक्षण दहावी. गावातल्याच एका वर्कशॉपमध्ये ते मशीनवर माल चढवायचे-उतरवायचे. बघता बघता प्रोग्राम लिहायला शिकले — मशीननं लोखंड कुठे, किती, कोणत्या टूलनं कापायचं, हे ओळीओळीनं सांगणारे प्रोग्राम. बारा वर्षांत शेकडो लिहिले. शेठनी त्यांना काचेची केबिन दिली, फिरती खुर्ची दिली. प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला दादा आपली एक टीप टाकायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'हितं सावकाश.' 'हा जॉब तापतो.' 'घाई केली की टूल तुटतं, दोनदा तुटलंय.' मी एकदा त्या टिपा वाचत बसलो होतो, तेव्हा कुणाची तरी खासगी वही उघडल्यासारखं वाटलं होतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर विंडोज, दुसरीवर फक्त दादांचे प्रोग्राम. ही मांडणी माझी. विंडोज बिघडली तरी प्रोग्राम सुखरूप राहावेत म्हणून. व्हायरस येतो म्हणून पेन ड्राइव्ह बंद करायला लावले, तेही मीच. दादांनी विचारलं होतं, मग नक्कल कुठं ठेवायची? मी हसून म्हणालो होतो, "दादा, दुसऱ्या डिस्कला काही होत नाही."

नवी विंडोज घालायची ठरली तेव्हा शेठ म्हणाले, दसऱ्याला घाला; काम बंद असतं आणि मुहूर्तही चांगला. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली. आमच्या भागात ही पूजा मनापासून होते. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ — कॉम्प्युटरलाही. त्या वर्कशॉपची पूजा दादांकडेच असायची. तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडत ते सगळीकडे फिरायचे.

दसऱ्याला सकाळी त्यांनीच मला कुलूप उघडून दिलं. जाताना म्हणाले, "सर, आज तेवढी कॉम्प्युटरची पेटी खोलू नका हां. पूजा हाय तिच्यावर. उद्या सकाळी मी उतरवतो, मग करा काय ते." आणि घरी गेले.

विंडोज घालण्याआधी दुसऱ्या डिस्कची वायर काढून ठेवायची, हा माझा नियम. दहा जणांना मी तो बजावलाय. वायर काढायची तर पेटी उघडायला हवी. पेटीवर माळ. मग काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं — होतं काय त्यात अवघड? पण घरी श्रीखंड-पुरी होती. छे, श्रीखंडाचं नाव कशाला पुढे करू? मला वाटलं, आपल्याला कशाला लागतो नियम? लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पडद्यावर दोन डिस्क दिसल्या. एकाच बनावटीच्या, एकाच मापाच्या. मीच जोडीनं आणलेल्या. एकीपुढे शून्य, एकीपुढे एक. शून्य म्हणजे विंडोजची, असं मी धरून चाललो. उघडून पाहिलं नाही. पुसायची का, असं विचारलं गेलं. मी हो म्हटलं.

नवी विंडोज सुरू झाली. दुसरी डिस्क उघडली, तर तिच्यात जुनी विंडोज जशीच्या तशी. क्षणभर काही कळेना. मग कळलं.

दुपारभर पुसलेलं परत आणायची धडपड केली. फाइलींची नावं आली, आत निम्म्याच ओळी. आणि निम्मा प्रोग्राम म्हणजे नसलेल्या प्रोग्रामपेक्षा वाईट. तो चालवला तर मशीन कुठेही जाऊन धडकतं. अशा डिस्कमधून माल काढून देणारे जाणकार पुण्यात आहेत. त्यांच्याकडे लगेच नेली असती तर बरंचसं हाती आलंही असतं. पण न्यायची तर शेठना विचारायला हवं, आणि काय झालं ते सांगायला हवं.

मी माळ बाजूला केली. पेटी उघडली — हो, आता उघडली. त्या डिस्कची वायर काढली. सकाळी काढायला हवी होती तीच वायर. उरलेल्या डिस्कवर विंडोज घातली, पेटी बंद केली आणि माळ होती तशी पुन्हा लावली. एक फूल गळून पडलं होतं, तेसुद्धा जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी नमस्कार करून माळ उतरवली. दुसरी डिस्क दिसत नाही म्हणत मी सगळ्यांसमोर पेटी उघडली, डिस्क काढली, उलटसुलट केली, नाकाशी धरून वास घेतला. किती छान नाटक करता येतं माणसाला! शेठनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "पूजेचं पाणी आत गेलं असावं."

शेठनी मान डोलावली. दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "फुलानंच शिंपडलं वो सर. दोन थेंब."

आणि मी म्हणालो, "एक थेंबही पुरतो, दादा."

का बोललो हे? शेठना पटलं होतं, विषय मिटला होता. चूक कुणाच्याही हातून होते, भीतीपोटी खोटंही बोललं जातं. पण हे वाक्य भीतीनं आलेलं नव्हतं. दादांच्या मनात जी जराशी शंका उरली होती, ती पुसायला मी ते बोललो. पुसली गेली.

मशीनच्या स्वतःच्या मेमरीत असलेले चार-पाच प्रोग्राम तेवढे वाचले. दादांना शेठनी काढलं नाही, रागावलेही नाहीत. दादाच खुर्चीतून उठले. म्हणाले, "नवं कुणी बघा शेठ. माझा हात चांगला न्हाई." केबिनमध्ये एक इंजिनियर आला. दादा परत माल चढवायला-उतरवायला लागले. अजून तेच करतात.

माझं काय झालं? काही नाही. उलट नाव वाढलं. कुरुळीपासून महाळुंग्यापर्यंत माझ्याकडे देखभाल असलेल्या वर्कशॉपमध्ये आता पूजेचा तांब्या कॉम्प्युटरपासून लांब ठेवतात. सरांनी सांगितलंय म्हणतात. माझ्या थापेचा नियम झालाय, आणि लोक तो पाळतात. खाई त्याला खवखवे म्हणतात ना? घरी कुणी नसलं की मी ती डिस्क लावून बसतो. काही टिपा वाचता येतात. 'हितं सावकाश.' त्याखाली काही नाही.

त्यानंतर दादांनी पूजा केली नाही. खंडेनवमीला ते आतच येत नाहीत, फाटकाबाहेर थांबतात. कुणी बोलावलं तर म्हणतात, "तुमी करा, मी हितनं हात जोडतो." पाच वर्षं झाली. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातसुद्धा आता सूनबाईच पाणी घालतात, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं.

यंदा शेठनी मलाही पूजेला बोलावलं होतं. फाटकापाशी दादा माळ घेऊन उभे होते. घरून स्वतः ओवून आणली होती. माझ्यापुढे धरून म्हणाले, "केबिनमधल्या कॉम्प्युटरला तुमीच घाला, सर. तुमचा हात चांगला हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो.

मी माळ घेतली, आत गेलो आणि घातली. वळून पाहिलं तर ते चपला काढून, फाटकाबाहेर हात जोडून उभे होते.