मावशींचं वाइंडिंग आणि सरांची पेटी

जळालेल्या मोटारींच्या आतली तांब्याची तार, म्हणजे वाइंडिंग, पुन्हा गुंडाळून देणाऱ्या मावशींचा राग गल्लीत आधीपासूनच प्रसिद्ध. पण यंदाचा राग वेगळ्याच जातीचा. समोरच्या इमारतीच्या पंपाची मोटार तीन महिन्यांत तिसऱ्यांदा जळून आली, आणि त्या पंपाला आपोआप चालू-बंद करणारी पेटी बसवणारे सर चारचौघांत म्हणाले, "पेटीत दोष नाही. वाइंडिंगच कच्चं."

तीस वर्षांत मावशींच्या कामाला कोणी कच्चं म्हटलं नव्हतं. त्या बोलण्याचाच प्रताप, दोन जुनी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली.

"त्या पेटीत आहे तरी काय, बघतेच," म्हणत मावशी थेट सरांच्याच प्रोग्रामिंगच्या क्लासात जाऊन बसल्या.

"आजी, नातवाला सोडायला आलात?" सरांनी विचारलं.

"नाही. तुला धरायला आलेय."

पहिल्याच दिवशी घोळ. मावशींच्या धंद्यात कुठलीही वस्तू आधी मध्ये बल्ब घालून घरच्या विजेवर तपासतात. प्रोग्राम भरायला हातात आलेला, सरांच्या पेटीत असतो तसला बोटभर बोर्ड त्यांनी सवयीनं तसाच तपासला. मोबाईलच्या चार्जरवर जगणारा तो जीव! फट्ट झालं, धूर निघाला. वर्ग हसला ते सोडा, सरांनी ही बातमी पार इस्त्रीवाल्यापर्यंत पोचवली. मावशींनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा बोर्ड आणला.

संध्याकाळी सून शेजारी बसून इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगे. पहिला धडा बोर्डावरचा दिवा उघडझाप करण्याचा: लाव, थांब, विझव, थांब. काय होतं बघू म्हणून मावशींनी थांबायच्या दोन्ही ओळी खोडल्या. दिवा इतक्या वेगानं लागू-विझू लागला की नुसता मंद जळतोय असं वाटलं.

मावशी ताडकन उठल्या. "अगं, त्या मेल्याच्या पेटीत थांबायचंच नाहीये!"

टाकीत पाणी पडताना हिंदकळतं, पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता गोळा वरखाली होतो, आणि पेटी प्रत्येक हेलकाव्याला मोटार चालू-बंद करते. चालू होताना मोटार सगळ्यात जास्त वीज ओढते. मग वाइंडिंग भाजणार नाही तर काय गार पडणार?

दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी सरांना पेटीचा प्रोग्राम उघडायला लावला. थांबायची ओळ नव्हतीच. सर पुटपुटले, "करतो दुरुस्त."

"कर की. आणि माझ्या नावाचं काय? बोंब मारताना बरा पुटपुटला नव्हतास!"

प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपणाची ओळ लिहिता येते, यंत्र ती वगळून पुढे जातं, हे सरांनीच शिकवलेलं. मावशींनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं, सगळ्यात वर. लिही, वाइंडिंग पक्कं होतं, चूक माझी."

"आजी, ती ओळ मशीन वाचतच नाही हो."

"मशीननं कुठं मला नावं ठेवली? लिही. आणि इमारतीच्या अध्यक्षांना फोन लावून मोठ्यानं वाच."

सरांनी लिहिलं, फोन लावला. वाचताना नेमका 'चूक'पाशी त्यांना खोकला आला. मावशींनी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.